पेजेची शिकवणी

नाताळ होऊन पंधरवडा झाला असेल. पाद्री गोव्याला निघाले होते. त्यांचा एक पाय रिकिबीत होता, एक जमिनीवर, आणि नेमकं तेव्हाच त्यांना आठवलं.

"तोफेवरच्या त्या मेलेल्या गोलंदाजाची दोन पोरं आहेत ना," ते म्हणाले, "मुलगी पंधराची, मुलगा तेराचा. तान्हेपणी त्यांचा बाप्तिस्मा केला होता. पण जेजूविषयी त्यांना काडीची माहिती नाही. पुढच्या नाताळाला मी परत येईन, तेव्हा जेजूचं अंग म्हणून घेतात ती पवित्र भाकर त्यांना पहिल्यांदा द्यायची आहे. तोवर तुम्ही शिकवा."

मी म्हणालो, "पाद्री, मी पलटणीतला ढोलवाला. मला काय येतं?"

"लहानपणी इगर्जीच्या शाळेत होतात. प्रार्थना येतात, गाणी येतात. आणि इथं दुसरं आहे कोण?"

दुसरं कोणी नव्हतं, हे खरंच होतं. मी बार्देशातला. जवानीत श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यात ढोल वाजवायला पुण्याला आलो. आमच्यासारखे पुष्कळ गोवेकर तेव्हा इथं गोलंदाज होते. श्रीमंतांनीच आम्हाला नागझरी ओढ्याच्या पलीकडे जागा दिली आणि तिथं आम्ही मातीच्या भिंतींची, कौलांची एक इगर्ज उभी केली. ज्याला लोक ख्रिस्त म्हणतात, त्याला आम्ही गोव्याकडे जेजू म्हणतो, आणि त्याच्या देवळाला इगर्ज. तिच्यामागे आमची घरं होती. पण मी सांगतोय ते वर्ष पुणं लुटलं गेलं त्याच्या पुढचं. श्रीमंत पळून गेले, परत आले, पण तोफखान्याची ती शान परत आली नाही. आमचे अर्धे लोक मेले किंवा घाट उतरून गावी गेले. मी राहिलो, कारण माझे गुडघे घाट उतरायच्या लायकीचे राहिले नव्हते आणि माझी बायको इथलीच. उजवा कान मी तोफांपाशीच ठेवून आलो होतो. आणि त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. जे लुटीतून वाचलं होतं ते आता दुष्काळ खात होता.

पाद्री गेले. जाताना तांदळाचं एक पोतं इगर्जीच्या कोठीत ठेवून गेले आणि म्हणाले, शिकायला येणाऱ्या पोरांना पेज घाला.

मला राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चिंचोके भाजत होती.

"तुम्ही शिकवणार?" ती म्हणाली. "तुम्हाला कोणी काही विचारलं तर ऐकू येत नाही."

"बरंच आहे मग," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आली. दोघांच्या जागी तिघं. गोलंदाजाची मुलगी, तिचा भाऊ आणि त्यांच्या शेजारच्या मळ्यातला माळ्याचा एक पोरगा. तो सोळा वर्षांचा, उंच, खांदे खाली पडलेले. त्याचा आमच्या धर्माशी काही संबंध नव्हता. मी विचारलं, "तू कशाला आलास?"

"ही म्हनली, पेज हाय," तो म्हणाला.

निदान तो खरं बोलला. मी तिघांना इगर्जीत नेलं आणि माझ्या डाव्या बाजूला बसवलं, म्हणजे चांगल्या कानाकडे. समोर वेदीवर लाकडी क्रूस होता, आणि त्याच्यावर जेजू. गोव्याच्या कोरीव कामाचा, हात पसरलेला, बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. माझ्या लहानपणी आमच्या मास्तरांनी जसं विचारलं होतं तसंच मी विचारलं, "सांगा, जेजू कोण?"

मुलगी म्हणाली, "बाबा तोफेला बत्ती द्यायच्या आधी त्याचं नाव घ्यायचे. आणि दारू प्यायल्यावर."

माळ्याचा पोरगा मात्र क्रूसाकडे एकटक बघत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ह्यो मानूस लई उपाशी दिसतोय. ह्येला कुनी खायला घातलं न्हाई व्हय?"

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. त्या महिन्यात नागझरीच्या काठाला तशाच बरगड्यांची माणसं पडलेली असायची. सकाळी कोणी उठायची, कोणी उठायची नाहीत. पोराने जे पाहिलं होतं तेच त्याला तिथं दिसलं. मी त्याला म्हणालो, "तो उपासाने नाही मेला. त्याला मारलं. आपल्या पापांसाठी तो मेला."

"माझ्या?" तो म्हणाला.

"सगळ्यांच्या."

"मी काय केलं?"

याचं उत्तर मला पाठ होतं. ते मी म्हणून दाखवलं. ते लॅटिनमध्ये होतं, मग मी त्याचं कोंकणीत केलं, मग मराठीत करायला गेलो तर शब्दच सापडेनात. तेव्हा मला कळलं की मी आयुष्यभर हे सगळं गात आलो होतो, पण कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या गावी सांगायची गरजच पडायची नाही. सगळे जन्मापासून ते गातच मोठे व्हायचे.

"बरं," मी म्हणालो, "आधी प्रार्थना पाठ करू."

आणि आम्ही प्रार्थना पाठ करायला लागलो. बाहेर माझ्या बायकोने चूल पेटवली होती. पेजेचा वास आला तशी तिघांची वाक्यं भराभर संपायला लागली.

असे आठवडे गेले. पोरं रोज यायची. मला ठाऊक होतं ती कशासाठी येतात, आणि त्यांनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. या गोष्टीवर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. मी एकेक गोष्ट सांगायचो: गोठ्यातला जन्म, मेंढपाळ, पाण्याचा द्राक्षारस. माझं सांगणं नीरस होतं. सकाळी उठल्यापासून मी दमलेला असायचो. भुकेने माणूस आधी पोटात दमतो, मग पायांत, आणि शेवटी जिभेत दमतो.

एकदा मी एक चूक केली. पाच भाकरी आणि दोन माशांत जेजूने हजारो लोकांना जेवू घातलं, ती गोष्ट मी सांगितली. सांगायला सुरुवात केल्यावरच माझ्या लक्षात आलं की आज ही सांगायला नको होती. पण मधेच थांबताही येईना.

धाकटा मुलगा पहिल्यांदाच बोलला. "मासे भाजलेले होते का कालवण?"

"भाजलेले असतील."

"उरलं किती?"

"बारा टोपल्या."

तो बोटांवर बारा मोजायला लागला. त्याची बहीण माझ्याकडे बघून म्हणाली, "मग आत्ता कर म्हणावं."

"काय?"

"आत्ता. इथं. नागझरीच्या काठाला एवढी माणसं बसली आहेत. तिकडे डोंगरावर माणसं भुकेली होती म्हणून त्याला दया आली, असं तुम्हीच म्हणालात. मग इथल्यांनी काय त्याचं घोडं मारलंय?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. माझ्या बहिऱ्या कानाचा त्या वर्षी मला फार उपयोग झाला. पण ती माझ्या चांगल्या कानाकडे बसली होती आणि तिला ते माहीत होतं. ती उत्तराची वाट बघत बसली, आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर तिने शांतपणे मान वळवली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रात्री मी बायकोला हे सांगितलं. ती इथल्या कुणब्याची मुलगी. माझ्याशी लग्न करताना तिने बाप्तिस्मा घेतला होता. इगर्जीत ती नेहमी मागे बसायची आणि तिच्या मनात काय चाललंय ते मी कधी विचारलं नाही.

"तिला सांगायचं, मला माहीत नाही म्हणून," ती म्हणाली.

"पाद्री काय म्हणतील?"

"पाद्री गोव्यात मासे खातायत."

पुढे एक दिवस माळ्याच्या पोराचा काका आला. तो राहायचा मळ्यातच, पण शहरात बुधवार पेठेत एका सरदाराच्या दारावर हुजऱ्या होता. पागोटं नीट बांधलेलं, अंगरखा स्वच्छ, पण आतलं शरीर त्यातून हरवत चाललेलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"नमस्कार," तो म्हणाला. "आपण इथं मोठा धर्मादाय मांडला आहे, असं कानावर आलं. पेज मोफत, धर्म वरती."

"पोरांना गोष्टी सांगतो," मी म्हणालो.

"हो ना. गोष्टी सांगायच्या, मग पेज पाजायची, मग पाणी शिंपडायचं. आणि मग आमच्या घरात याचं लग्न आपण जमवणार का?"

मी उठायला गेलो, गुडघ्यांनी उठू दिलं नाही. तोवर माझी बायको पळी हातात घेऊन बाहेर आली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमच्या घरी आज चूल पेटली का?" तिने विचारलं.

तो अंगरख्याची बाही नीट करायला लागला.

"काल?"

त्याने मान फिरवली. नंतर तो इतक्या हळू बोलला की मला ते बायकोकडून ऐकावं लागलं. तो म्हणाला, पोराला गोष्टी सांगा, पण पाणी शिंपडू नका. त्याची आई नाही. त्याच्यामागे एवढी जातच काय ती आहे.

मी म्हणालो, "त्याच्यावर पाणी शिंपडायचं माझ्या मनात नाही. आणि खरं सांगतो, अंगात तेवढं बळही नाही."

तो हसला. मी पुण्यात पाहिलेलं ते सर्वांत थकलेलं हसू असेल. दुसऱ्या दिवसापासून पोरगा स्वतःचं मडकं घेऊन यायला लागला. कोरडे तांदूळ तो आमच्याकडून घ्यायचा, आवाराच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून आपली पेज आपण शिजवायचा, आणि गोष्ट ऐकायला भिंतीला टेकून थोडा लांब बसायचा. त्यालाही ते बरं वाटलं आणि मलाही.

चैत्रात पोतं संपलं. कोठीच्या कोपऱ्यातले सांडलेले दाणेही माझ्या बायकोने वेचून घेतले होते. मी पोरांना खरं ते सांगितलं. "उद्यापासून पेज नाही. गोष्ट आहे. ज्याला यायचं त्याने यावं."

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही.

मी इगर्जीत एकटा बसलो. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. आता कोणाला काही समजावून द्यायचं नव्हतं. मी भिंतीला टेकलो आणि झोपलो. त्यानंतरचे बरेच दिवस तसेच गेले. मी जायचो, दार उघडायचो, झाडायचो, बसायचो, झोपायचो. पोरं काय खात होती मला माहीत नव्हतं. आम्ही चिंचोके, उंबरं, कसलाही पाला खात होतो. शहरात पटकी सुरू झाली होती. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की माणूस सकाळचा संध्याकाळी नसायचा. कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं.

वैशाखातल्या एका दुपारी ती मुलगी आली. धावत आली नव्हती. कोणालाच धावता येत नव्हतं. ती दारात उभी राहिली.

"आईला लागली," ती म्हणाली.

मी "देव तिला…" असं काहीतरी सुरू केलं. तिने मला पुरं करू दिलं नाही.

"तुम्ही त्या महारोग्याची गोष्ट सांगितली होती. त्याला कोणी शिवत नव्हतं आणि जेजूने हात लावला."

"हो. पण बाई गं, मी जेजू नाही. माझ्या हात लावण्याने…"

"मला चमत्कार नको," ती चिडून म्हणाली. "आई आमच्या दोघांच्याने उचलत नाही. तिला धुवायचंय. शेजारचं कोणी येत नाही. तुम्ही येता का नाही तेवढं सांगा."

मला जायचं नव्हतं. मी भीत होतो, आणि भीतीपेक्षाही मला उठायचा कंटाळा होता. मी तसाच बसून राहिलो असतो. पण माझी बायको मागून आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती काही न बोलता डोक्यावर पदर घेऊन मुलीबरोबर चालायला लागली. मग मला जावंच लागलं.

त्यांची आई इथलीच, मराठ्याची. नवऱ्याने तिला बाप्तिस्मा घे म्हणून कधी म्हटलं नव्हतं, आणि त्या दोघांचं लग्न कसं झालं होतं ते पाद्रींनीही कधी खोदून विचारलं नाही. ती जमिनीवर पडली होती. डोळे खोल गेले होते. धाकटा मुलगा तिच्या तोंडात चिंधीने पाणी पिळत होता. आम्ही तिला उचललं. ती किती हलकी झाली होती! तरीही दोन भुकेल्या पोरांच्याने ती उचलली गेली नव्हती. बायकोने तिला धुतलं, मी बाहेर उभा राहून पाणी देत होतो. पाणी संपलं. तेव्हा माळ्याचा पोरगा खांद्यावर घागर घेऊन आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याच्या मळ्यातल्या विहिरीच्या तळाशी थोडं पाणी होतं, ते त्याने काढून आणलं होतं. पटकीच्या घरी जायला काकाने बंदी केली होती. तो म्हणाला, "काका झोपल्यात," आणि परत गेला, आणि पुन्हा घागर भरून आला.

संध्याकाळी ती बाई थोडी शुद्धीवर आली. आता माझं एक काम होतं. आमच्यात पाद्री नसले आणि माणूस मरत असला, तर कोणीही त्याला बाप्तिस्मा देऊ शकतो. पाद्रींनी मला ते नीट शिकवून ठेवलं होतं. पाणी हातात होतंच. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "बाई, जेजूचं पाणी घेणार का? डोक्यावर थोडं घालतो आणि प्रार्थना म्हणतो."

तिने मान माझ्याकडे वळवली.

"दादा," ती म्हणाली, "माझी अंबाबाई आहे. ती मला नेईल. तुम्ही ते पाणी प्यायला द्या."

दोन्ही पोरं माझ्याकडे बघत होती. मी पाणी तिच्या ओठांना लावलं. ती प्याली.

पहाटे ती गेली. तिला न्यायला माणसं नव्हती. बांबू माळ्याच्या पोराने आणले. पुढून तो आणि मी, मागून मुलगा आणि मुलगी, असे आम्ही नदीवर गेलो. बाईमाणसाने खांदा देऊ नये असं म्हणणारं तिथं कोणी उरलं नव्हतं. वाटेत किती वेळा थांबलो ते आठवत नाही. लाकडं इगर्जीच्या मागच्या पडलेल्या छपराची होती. मुलाने अग्नी दिला. तो बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती मुलगा होता. पण त्याची आई अंबाबाईची होती आणि तो तिचा एकुलता मुलगा होता. मी त्याला अडवलं नाही.

चिता पेटली होती. आम्ही काठावर बसून होतो. कोणाच्याने उठवत नव्हतं. मुलाने एकदम विचारलं, "जेजूला आई होती ना?"

"होती."

"तो मेला तेव्हा ती कुठं होती?"

"तिथंच होती. क्रूसाखाली उभी होती."

"तिने बघितलं?"

"हो."

"मग पुढे तिचं काय झालं? तिला कोणी सांभाळलं?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. पण ते मला माहीत होतं. मी सांगितलं, की तो तिथं टांगलेला होता, हातापायांत खिळे होते, श्वास घेता येत नव्हता. तेव्हा त्याने खाली पाहिलं. आई उभी होती, आणि त्याचा एक मित्र उभा होता. तो आईला म्हणाला, हा आता तुझा मुलगा. आणि मित्राला म्हणाला, ही तुझी आई. त्या दिवसापासून मित्राने तिला आपल्या घरी नेलं.

हे सांगताना मी कुठलंही पाठ केलेलं वाक्य म्हटलं नाही. म्हणायचं नाही असं ठरवून नव्हे. त्या वेळी मला पाठ केलेलं काही आठवतच नव्हतं.

मुलगी नदीकडे बघत होती. ती म्हणाली, "मरताना आईची सोय लावली त्याने?"

"हो."

"एवढ्या यातनांत?"

"हो."

"मग माणूस बरा होता," ती म्हणाली.

तो देव होता, देवाचा पुत्र होता, जगाचा तारणारा होता, असं मी कित्येक महिने तिला सांगत होतो आणि तिने एकदाही मान डोलावली नव्हती. आता म्हणाली, माणूस बरा होता. मला तिला दुरुस्त करावंसं वाटलं नाही. तिने त्याच्याविषयी आपणहून काढलेला हा पहिला चांगला उद्गार होता.

माळ्याचा पोरगा उठला आणि म्हणाला, "म्या जातो. काका उठलं असतील."

ती दोघं भावंडं त्यानंतर आमच्याकडेच राहिली. बायकोने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिने दोन वाकळा जास्त टाकल्या. शिकवणी वेगळी अशी राहिली नाही. कधी चालताना, कधी पाला निवडताना काहीतरी निघायचं. मुलगी अजूनही आडवेतिडवे प्रश्न विचारायची. मला येत नसेल तर मी "माहीत नाही" म्हणायला शिकलो. तेवढ्याने माझं अर्धं ओझं उतरलं. पाऊस वेळेवर पडला. भाद्रपदात बाजारात नवी भाजी दिसली, आणि पुढे बाजरी आली. माणसं हळूहळू माणसांसारखी दिसायला लागली.

नाताळाच्या आधी पाद्री परत आले. प्रवासाने तेही खंगले होते. घाटात त्यांना ताप आला होता. त्यांनी पोरांची परीक्षा घेतली. मुलीने सगळ्या प्रार्थना न चुकता म्हटल्या. मग पाद्रींनी विचारलं, "जेजू कोण?" तिने ठरलेलं उत्तर दिलं, आणि शेवटी आपलं एक वाक्य जोडलं, की त्याने मरताना आपल्या आईला मित्राकडे सोपवलं. पाद्री म्हणाले, हे विचारलं नव्हतं. ती म्हणाली, मला सांगायचं होतं.

मग ते मुलाकडे वळले. "पवित्र भाकर घेणार ना?" पाद्री म्हणाले.

"नाही."

"का?"

"आत्ता नको," तो म्हणाला, आणि तेवढ्यावरच थांबला.

नंतर पाद्रींनी मला एकट्याला बोलावलं. आईविषयी त्यांच्या कानावर आलं होतं. "तुमच्या हातात पाणी होतं," ते म्हणाले. "ती मरत होती. एक क्षण लागला असता."

"तिने नको म्हटलं."

"अहो, मरणाऱ्या माणसाला काय कळतं?"

"तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, पाद्री," मी म्हणालो. "मी दमलोय. मला सोडा यातून. दुसऱ्या कोणाला शिकवायला सांगा."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी डोळे चोळले. "दुसरं कोण आहे?" ते म्हणाले. "मीही दमलोय." मग आम्ही दोघं बराच वेळ ओट्यावर बसलो, आणि त्यांनी मला गोव्याहून आणलेल्या काजूतले चार दिले.

पुढचं थोडक्यात सांगतो. मुलीचं लग्न दुसऱ्या फौजेच्या कंपूतल्या एका गोवेकर गोलंदाजाशी झालं आणि ती उत्तरेकडे गेली. तिकडे इगर्ज नाही, पाद्री नाही. पण तिचा निरोप आला होता, की तिथल्या छावणीतल्या पोरांना ती गोष्टी सांगते. काय सांगत असेल देव जाणे. माळ्याचा पोरगा मळा मोडल्यावर काकाबरोबर साताऱ्याकडे गेला. त्याने जेजूचं पाणी कधी घेतलं नाही आणि मीही दिलं नाही. तो जेजूविषयी काय मनात घेऊन गेला ते मला ठाऊक नाही. त्याने विचारलेला पहिला प्रश्न, ह्येला कुनी खायला घातलं न्हाई व्हय, तो मात्र मला अजून छळतो.

धाकटा मुलगा इथंच आहे. जीनगराच्या हाताखाली काम शिकला आणि आता खोगिरं शिवतो. त्याला बायको आहे, लेकरू आहे. तो इगर्जीत येत नाही. नवरात्रात आईच्या नावाने अंबाबाईला नारळ देतो. माझी बायको गेली तेव्हा तो माझ्या शेजारी राहायला आला. आता माझी नजर गेली, म्हणून दर रविवारी तो मला हाताला धरून इगर्जीच्या दारापर्यंत आणतो.

"आत ये की," मी कधीतरी म्हणतो.

"तुमचं होऊ द्या," तो म्हणतो. "मी आहे इथं."

आतलं सगळं मला ऐकू येत नाही. नवे पाद्री पुटपुटतात. संपल्यावर मी चाचपडत बाहेर येतो आणि तो दाराबाहेरच्या चिंचेखालून उठून माझा हात धरतो. थोडं चाललं की विचारतो, "आज काय सांगितलं?" मग जे अर्धमुर्धं कानावर पडलं असेल ते मी माझ्या शब्दांत त्याला सांगतो. तो ऐकतो. मधेच म्हणतो, "इथं खड्डा आहे, जपून," आणि मग, "हं, पुढे?"